माल चांगला, चाहते भरपूर, तरी कंपनी बंद का पडते?

२०१४ च्या अखेरीस अमेरिकेतल्या कॉलरॅडो राज्यातली गोलाइट ही डोंगर-भटकंतीचं हलकं सामान बनवणारी कंपनी दिवाळखोरीत गेली आणि तिची दुकानं एकामागून एक बंद झाली. पाठीवर कमीत कमी ओझं घेऊन महिनोन्‌महिने चालणाऱ्या लोकांच्या तोंडी तेव्हा हे नाव सतत असायचं. सॅक त्यांची, क्विल्ट म्हणजे झोपताना घ्यायचं हलकं पांघरूण त्यांचं, तंबू त्यांचा, छत्रीसुद्धा त्यांचीच. कंपनी बंद होणार हे कळल्यावर या मंडळींना पहिला प्रश्न पडला तो साधाच होता : माल इतका चांगला, वापरणारे इतके खूश, मग बुडाली कशी?

उत्तरंही लगेच तयार होती. कुणी म्हणालं मालकांना हाव सुटली, कुणी म्हणालं स्वस्त नकलांनी मारलं, कुणी इंटरनेटवरच्या विक्रीला दोष दिला. अशी बातमी आली की आजही हेच ऐकू येतं. मला ही उत्तरं अपुरी वाटतात. हलकं सामान बनवणारी कंपनी गिऱ्हाइकांवाचून क्वचित मरते. ती मरते रोकड संपल्यामुळे. आणि या धंद्यात रोकड अडकून पडण्याची बरीचशी कारणं त्या सामानाच्या हलकेपणातच दडलेली असतात. हे कसं, ते नीट उलगडून पाहू.

आधी गोलाइट काय होती ते थोडक्यात. १९९८ मध्ये डेमेट्री आणि किम कूपूनास या दांपत्याने ती बोल्डर गावी सुरू केली. कल्पनेचा पाया रे जार्डिन यांचा. जार्डिन मूळचे अवकाश क्षेत्रातले इंजिनिअर. कडा चढताना खडकाच्या भेगेत बसवायचं ‘फ्रेंड’ हे स्प्रिंगचं उपकरण त्यांचंच. पुढे ते पत्नीसोबत लांब पायवाटा चालू लागले. त्यातली पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल ही मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत सुमारे ४,२६५ किलोमीटर जाते. इतकं चालायचं तर ओझ्याचा विचार मुळापासून करायला हवा, हे त्यांच्या लक्षात आलं. तंबू जड, म्हणून सॅक मोठी. सॅक मोठी, म्हणून तिला सांगाडा आणि जाड पट्टे. एवढं सगळं पेलायचं म्हणून पायात जड बूट. एक गोष्ट हलकी केली की बाकीच्याही हलक्या करता येतात, हे त्यांच्या मांडणीचं सार. तंबूऐवजी ताणून बांधायचं कापडी छत, स्लीपिंग बॅगऐवजी पाठीखालचा भाग काढून टाकलेली क्विल्ट, बुटांऐवजी पळण्याचे शूज, आणि सांगाडा नसलेली नुसती कापडी सॅक.

जार्डिन हे सगळं घरी शिवत. गोलाइटने त्यांच्या डिझाइनवरून ते दुकानात आणलं. ब्रीझ नावाची त्यांची सुरुवातीची सॅक अर्धा किलोही भरत नसे, आणि त्या काळी लांब पल्ल्याच्या सॅका रिकाम्याच दोन-तीन किलोच्या असत. जार्डिन आणि कंपनी यांच्या वाटा पुढे वेगळ्या झाल्या. ते घरी शिवण्यासाठी कापड आणि नमुन्यांचे संच विकू लागले. कंपनी मात्र वाढत राहिली : सॅका, तंबू, पिसांची जाकिटं, पावसाळी कपडे, आणि टिंबरलँड या बूट बनवणाऱ्या कंपनीशी २००६ मध्ये झालेल्या करारातून गोलाइटच्या नावाचे बूटही.

पैसा आधी जातो, फार उशिरा येतो

आता मूळ मुद्दा. त्यासाठी एक काल्पनिक कंपनी घेऊ. आकडे मी सोपे केले आहेत, पण पैशाची ये-जा या धंद्यात साधारण अशीच असते.

ही कंपनी एकच सॅक बनवते. कारखान्याला एका सॅकमागे ६० डॉलर द्यावे लागतात. दुकानदाराला ती १२० डॉलरला मिळते आणि तो ती २४० ला विकतो. दुकानदाराने खरेदीच्या दुप्पट किंमत लावणं ही या क्षेत्रातली जुनी रीत आहे. यंदा ५,००० सॅकांची मागणी आली आहे.

लोक सॅका घेतात वसंतात, पायवाटा खुल्या होण्याच्या सुमारास. म्हणजे माल फेब्रुवारी-मार्चमध्ये दुकानात हवा. त्यासाठी आदल्या ऑगस्टमध्ये कारखान्याला ऑर्डर द्यायची, आणि ऑर्डरसोबत इसार, समजा ३० टक्के. ५,००० सॅकांचे ३ लाख डॉलर, त्यातले ९० हजार ऑगस्टमध्येच गेले. माल जहाजावर चढताना, डिसेंबरात, उरलेले २ लाख १० हजार गेले. अमेरिकेच्या बंदरात माल उतरला की आयात शुल्क. कृत्रिम धाग्याच्या सॅकेवर तिथे मूळ दरच १७.६ टक्के आहे, म्हणजे ५२,८०० डॉलर. वाहतुकीचे २० हजार धरू. मार्चमध्ये माल दुकानदारांकडे गेला, पण त्यांची मुदत ६० दिवसांची. पैसे येणार मे महिन्यात.

ऑगस्टमध्ये पहिला डॉलर बाहेर गेला आणि मे महिन्यात पहिला आत आला. मधले नऊ महिने पगार, भाडं, नव्या डिझाइनचा खर्च, व्यापारी प्रदर्शनातला गाळा हे सगळं चालूच. हा सगळा वरखर्च वर्षाला १ लाख ८० हजार धरू.

वर्षाचा हिशेब छान दिसतो. विक्री ६ लाख. त्यातून माल ३ लाख, शुल्क ५२,८००, वाहतूक २० हजार, वरखर्च १ लाख ८० हजार. उरले ४७,२०० डॉलर. नफा आहे, कंपनी चांगली चालली आहे.

आणि दुकानदार खूश होऊन पुढच्या वर्षी ७,००० सॅका मागतात. इथेच घात होतो. आता मालाला ४ लाख २० हजार लागणार, शुल्काला जवळपास ७४ हजार, वाहतुकीला २८ हजार. मिळून सुमारे ५ लाख २२ हजार. गेल्या वर्षी हेच काम ३ लाख ७३ हजारांत झालं होतं. म्हणजे जवळजवळ दीड लाख डॉलर जादा हवेत, आणि नफ्यातून हाती आले ४७ हजार. वरचे एक लाख कुठून आणायचे? बँकेकडून. कंपनी जितकी लोकप्रिय, तितकं कर्ज मोठं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं यांचं बरं चाललंय. आत मालकाला झोप नसते.

बँक हे कर्ज कशावर देते? गोदामातल्या मालावर आणि दुकानदारांकडून येणं असलेल्या रकमेवर. विक्री मंदावली की बँक त्याच मालाची किंमत कमी धरते आणि कर्जाची मर्यादा खाली आणते. ज्या महिन्यात पैसा सगळ्यात जास्त हवा, नेमका त्याच महिन्यात तो आटतो. कंपनीत काम करणाऱ्यांना जे संकट अचानक कोसळल्यासारखं वाटतं, त्याची सुरुवात पुष्कळदा बँकेच्या अशा एखाद्या पत्रापासून होते.

याच हिशेबात एक वाईट हंगाम घालून बघा. ५,००० पैकी १,००० सॅका नेहमीच्या किमतीला गेल्या नाहीत. बर्फ उशिरा वितळलं, किंवा वणव्यांमुळे पायवाटा बंद राहिल्या. त्या हजार सॅका शेवटी कारखान्याच्या भावात, ६० डॉलरला काढाव्या लागल्या. उत्पन्न ६० हजारांनी घटलं आणि ४७ हजारांच्या नफ्याच्या जागी सुमारे १३ हजारांचा तोटा आला. पाचातल्या चार सॅका पूर्ण किमतीला विकूनसुद्धा.

मधला दुकानदार काढून टाकला तर?

हा उपाय कुणालाही सुचेल, आणि गोलाइटने तो केला. २०१० नंतर तिने दुकानदारांना घाऊक माल देणं सोडलं, किमती बऱ्याच खाली आणल्या आणि थेट विक्री सुरू केली, इंटरनेटवरून आणि स्वतःच्या दुकानांतून. गिऱ्हाईक म्हणून हा काळ सुखाचा होता. उत्तम सॅक निम्म्याच्या आसपास किमतीत मिळू लागली.

पण दुकानदार जो वाटा घेतो तो फुकट घेत नाही, याचा आपल्याला फार लवकर विसर पडतो. दुकानदार सहा-आठ महिने आधी ऑर्डर नोंदवतो. त्यामुळे कंपनीला किती माल बनवायचा ते कळतं, आणि ती नोंद दाखवून बँकेकडून पैसेही मिळतात. माल एकदा त्याच्याकडे गेला की तो विकण्याची चिंता बरीचशी त्याची. चुकीचा रंग, चुकीचा साइज, पडलेला हंगाम, यातला मोठा भाग तो सोसतो. त्याला काढून टाकलं की त्याचा नफा कंपनीकडे येतो, आणि त्याबरोबर ही सगळी जोखीमही येते. किती बनवायचं हा अंदाज आता एकटीने बांधायचा. गोदामातला प्रत्येक नग आता तिच्याच पैशाचा.

त्यात स्वतःची दुकानं. दुकानाचा भाडेकरार वर्षानुवर्षांचा असतो. प्रत्येक दुकानात प्रत्येक साइज आणि रंग मांडून ठेवावा लागतो, म्हणजे मालसाठा आणखी वाढतो. जाकिटं हिवाळ्यात जातात, तंबू उन्हाळ्यात, आणि भाडं बारा महिने. त्यातून गोलाइट पिसांच्या जाकिटांच्या आणि क्विल्टच्या धंद्यात बरीच खोल उतरली होती, आणि २०१० नंतरच्या दोन-तीन वर्षांत पिसांचे भाव भयंकर चढले. विक्रीची किंमत कमी ठेवण्याचं वचन एकीकडे, कच्च्या मालाचा भाव दुसरीकडे.

थेट विक्री वाईट नाही. आज टिकून असलेल्या बहुतेक छोट्या कंपन्या थेटच विकतात. पण त्यांच्यापैकी पुष्कळ जण मागणी आल्यावर शिवतात. गिऱ्हाईक आज पैसे देतो आणि सहा-आठ आठवडे थांबतो. पैसा आधी येतो, माल नंतर जातो, वर मांडलेलं चक्र चक्क उलटं फिरतं. मुख्य फरक इथे आहे. पाच-सात जणांच्या शिवणघरात हे जमतं. अनेक दुकानं मालाने भरायची तर जमत नाही.

हलकेपणाची वेगळी किंमत

आतापर्यंतचं जवळपास सगळं कुठल्याही हंगामी धंद्याला लागू पडेल. हलक्या सामानाचे त्याखेरीज स्वतःचे काही फास आहेत.

पहिला कापडाचा. साधं जाड नायलॉन कुठूनही घेता येतं. हलकं, मजबूत आणि पाणी न शिरणारं कापड बनवणाऱ्या गिरण्या मोजक्या. त्या छोट्या गिऱ्हाइकाला हजारो मीटरची किमान ऑर्डर सांगतात, तीही एका रंगाची. तीन रंग हवे असतील तर तीनदा तेवढं कापड. उरलेलं कापड म्हणजे पुन्हा अडकलेला पैसा.

सगळ्यात टोकाचं उदाहरण आज डायनीमा काँपोझिट नावाने ओळखल्या जाणाऱ्या कापडाचं. पूर्वी त्याला क्यूबन फायबर म्हणत. त्याचा जन्म शर्यतीच्या नौकांच्या शिडांसाठी झाला. १९९२ चा अमेरिकाज कप जिंकणाऱ्या ‘अमेरिका क्यूब्ड’ या नौकेच्या शिडांवरून त्याचं जुनं नाव आलं. अत्यंत बळकट पॉलिएथिलीनचे धागे दोन पातळ पापुद्र्यांमध्ये दाबून ते बनतं, विणून नाही. पाणी शोषत नाही, ओलं झालं तरी ताणून सैल पडत नाही, आणि वजनाच्या मानाने त्याची ताकद थक्क करणारी आहे. हलक्या तंबूंची एक अख्खी पिढी त्यावर उभी राहिली. पण ते बनवत होती ॲरिझोनातल्या मेसा गावची क्यूबिक टेक ही एक छोटी कंपनी. २०१५ मध्ये ती डीएसएम या डच कंपनीने घेतली, आणि २०२२ मध्ये हा व्यवसाय एव्हिएंट या दुसऱ्या कंपनीकडे गेला. तुमचा तंबू ज्या कापडाचा, ते एकाच ठिकाणाहून येत असेल, तर तिथला मालक, भाव किंवा प्राधान्य बदललं की तुमचा धंदा हलतो. भाव कमी करा म्हणण्याची सोय नाही, कारण दुसरीकडे जायला जागाच नाही.

दुसरा फास टिकाऊपणाचा. पातळ कापड फाटतं. जाणता वापरणारा ते सांभाळून वापरतो, आणि हे सामान आधी अशाच लोकांसाठी होतं. कंपनी मोठी झाली की सर्वसाधारण गिऱ्हाईक येतो, त्याला आयुष्यभराची हमी हवी असते. मग परतीचा माल वाढतो. तो कमी करायचा तर कापड जाड करा, पट्टे जाड करा, सांगाडा घाला. गोलाइटच्या सॅका वर्षांगणिक वजनाने वाढत गेल्या. जुने चाहते यावर नाराज असत आणि त्यांचा जीव का तुटत होता ते मी समजू शकतो. पण जास्त लोकांना विकायचं तर हे टाळणं फार अवघड असतं.

तिसरा फास मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. कमी सामान घ्या, हेच या सगळ्या विचाराचं बीज. ज्याला ते पटलं तो एक सॅक, एक क्विल्ट, एक छत घेतो आणि वर्षानुवर्षं तेच वापरतो. उत्तम गिऱ्हाईक म्हणजे फारसं काही न विकत घेणारा माणूस. कर्ज फेडायला मात्र दरवर्षी जास्त विक्री हवी. म्हणून कंपनी टोप्या काढते, कपडे काढते, शहरी जाकिटं काढते, आणि हळूहळू अशा मैदानात येते जिथे तिच्याहून शंभरपट मोठे खेळाडू आधीच उभे आहेत. हलक्या सॅकेत तिला तोड नव्हती. जाकिटात ती पुष्कळांतली एक होते.

छोटं राहिलं तर वाचतं का?

काही वाचले. त्याच १९९८ मध्ये ग्लेन व्हॅन पेस्की यांनी गॉसमर गियर सुरू केली. आपल्या सॅकेचा शिवणनमुना त्यांनी आधी लोकांना फुकट वाटला होता. हेन्री शायर्स यांनीही टार्पटेंट हा तंबू आधी नमुना म्हणून खुला केला आणि मग त्याची कंपनी झाली. फ्लोरिडात झीपॅक्स, व्हर्जिनियात माउंटन लॉरेल डिझाइन्स, मेन राज्यातल्या बिडफर्डच्या एका जुन्या कापडगिरणीत हायपरलाइट माउंटन गियर. यांतल्या बहुतेकांनी गरजेपुरताच माल ठेवला, वाढ सावकाश केली, आणि सॅक-तंबूच्या पलीकडे फार पसारा मांडला नाही.

पण छोट्या कंपनीचा शेवट निराळ्या वाटेने येतो. ती एका माणसाची असते. डिझाइन त्याचं, शिलाईची तपासणी त्याची, फोनवर बोलणारा तोच. तो थकला, आजारी पडला, किंवा त्याला आता स्वतः डोंगरात जावंसं वाटलं, की कंपनी थांबते. तिथे कुठला लिलाव नसतो, कोर्ट नसतं. शेवटच्या ऑर्डरी पूर्ण होतात आणि दार बंद होतं. यूटा राज्यातल्या यूएलए इक्विपमेंटसारखं क्वचित घडतं : संस्थापक ब्रायन फ्रँकल यांनी ती योग्य वेळी दुसऱ्याच्या हाती सोपवली आणि ती आजही सॅका बनवते. अशी सोपवणूक जमवणं हे डिझाइनइतकंच अवघड काम आहे.

गेल्या काही वर्षांत बाहेरून आलेले धक्के लहान-मोठ्या सगळ्यांनाच बसले. २०१८ मध्ये चीनहून येणाऱ्या सॅकांवर अमेरिकेने १० टक्के जादा शुल्क लावलं, २०१९ मध्ये ते २५ झालं. मूळचे १७.६ धरून चीनमधल्या सॅकेवर ४२.६ टक्के. गंमत अशी की पाठीवरून न्यायच्या हलक्या तंबूंवर मूळ शुल्क शून्य आहे, त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन वस्तूंचं गणित पार वेगळं होतं. २०२५ मध्ये हे दर काही महिन्यांत इतक्यांदा बदलले, की ऑगस्टमध्ये ऑर्डर देणाऱ्याला माल बंदरात येईपर्यंत किती शुल्क पडेल ते सांगता येईना. आपल्या काल्पनिक कंपनीच्या ५२,८०० च्या जागी १ लाख २७,८०० लिहून बघा, ४७ हजारांच्या नफ्याचं काय होतं ते लगेच दिसेल. २०२५ च्या जानेवारीपासून कॅलिफोर्नियात कपड्यांवर आणि इतर कापडी वस्तूंवर पीएफएएस रसायनं वापरायला बंदी आली. पाणी ओघळून जावं म्हणून कापडावर जो थर देतात त्यात ती सर्रास असत. ही बंदी योग्यच आहे, ती रसायनं पाण्यात आणि शरीरात साठून राहतात. पण ज्याच्याकडे जुन्या कापडाचे ताके पडून होते, त्याला त्याचा फटका बसला. आणि या सगळ्याआधी कोविड होताच. २०२० आणि २०२१ मध्ये सगळे बाहेर पडले, माल पुरेना, कंपन्यांनी दणदणीत ऑर्डरी दिल्या. माल आला तेव्हा लाट ओसरली होती. गोदामं भरलेली आणि वर वाढलेले व्याजदर, यात पुष्कळ जण अडकले.

कंपनी बुडाली, मग गिऱ्हाइकाचं काय?

अमेरिकी दिवाळखोरी कायद्यात दोन प्रकार नेहमी ऐकू येतात. चॅप्टर ११ मध्ये कंपनी कोर्टाच्या देखरेखीखाली चालू राहते आणि धनकोंशी नवी बोलणी करते. धनको मान्य झाले तर ती वाचते, नाही तर तिथेच विक्री होते. चॅप्टर ७ म्हणजे सरळ गुंडाळणं : कोर्टाने नेमलेला विश्वस्त असेल ते विकतो आणि पैसे वाटतो. गोलाइट पहिल्या वाटेने गेली, पण वाचली नाही. २०२० पासून छोट्या धंद्यांसाठी चॅप्टर ११ मध्येच एक सोपी आणि स्वस्त पोटवाट आली आहे. तशी सोय आधी असती तर काही कंपन्या तगल्या असत्या असं मला वाटतं.

पैसे वाटण्याचा क्रम ठरलेला. ज्याच्याकडे तारण आहे तो, म्हणजे बहुधा बँक, सगळ्यात पुढे. मग खटल्याचा खर्च, कामगारांचे थकलेले पगार एका मर्यादेपर्यंत, कर. मालासाठी आगाऊ पैसे भरलेल्या ग्राहकालाही ठरावीक रकमेपर्यंत थोडा अग्रक्रम आहे. त्यानंतर विनातारण धनको : कापडगिरणी, छापखाना, जाहिरातवाला. आयुष्यभराची हमी हातात घेऊन उभा असलेला गिऱ्हाईक याच शेवटच्या रांगेत. तिथपर्यंत सहसा फारसं काही पोचत नाही. ते ‘आयुष्य’ कंपनीचं असतं, सॅकेचं नव्हे.

म्हणून आगाऊ पैसे भरून माल मागवला असेल आणि कंपनी डळमळल्याचं कानावर आलं, तर वाट पाहू नका. क्रेडिट कार्डाने दिलेल्या पैशाला अमेरिकेत कायद्याचं संरक्षण आहे. न मिळालेल्या मालाबद्दलची लेखी तक्रार, ती रक्कम दाखवणारं बिल पाठवल्यापासून ६० दिवसांत बँकेकडे जायला हवी. मागणीनंतर शिवून देणारे आठ-दहा आठवडे घेतात, त्यामुळे ही मुदत वाटते त्याहून लवकर संपते. भेटकार्ड असेल तर ते आधी वापरून टाका.

बुडालेल्या कंपनीचं नाव ही वेगळी मालमत्ता असते आणि ती विकली जाते. गोलाइट हे नाव काही वर्षांनी नव्या मालकांनी परत बाजारात आणलं. डेमेट्री कूपूनास यांनी २०१५ मध्ये माय ट्रेल कंपनी या निराळ्या नावाने जुन्या धाटणीचं सामान पुन्हा काढलं. म्हणजे नाव एकीकडे गेलं आणि डोकं दुसरीकडे. जुन्या नावाचं नवं सामान दिसलं तर आता ते कोण बनवतं आणि हमी कोण देतं एवढं पाहून घ्यावं. जुन्या सॅकेची हमी नव्या मालकावर आपोआप येत नाही.

कधी वस्तूच नावाशिवाय जगते. गोलाइटची क्रोम डोम ही चंदेरी छत्री उन्हात चालणाऱ्यांची लाडकी होती. ती मुळात जर्मनीतली यूरोशिर्म ही कंपनी बनवत असे, आणि गोलाइट गेल्यावर तीच छत्री स्वतःच्या नावाने विकत राहिली. आवडती वस्तू बंद झाली की ती कुणाच्या कारखान्यात बनत होती याचा शोध घेणं म्हणून फायद्याचं ठरतं.

आणि ज्यांच्याकडे अशा बंद पडलेल्या कंपनीचं सामान आहे त्यांनी ते टाकू नये. सॅकेच्या पट्ट्यांना लागणारे बकल बहुतेक सगळ्या कंपन्या त्याच दोन-चार उत्पादकांकडून घेतात, पट्ट्याची रुंदी मोजली की तसाच दुसरा मिळतो. शिलाई न उसवता बसवता येणारे, एका बाजूने खाच असलेले बकलही येतात. सिलिकॉनचा लेप असलेल्या नायलॉनवर साधी चिकटपट्टी धरत नाही. तिथे सिलिकॉनचाच सीलंट, म्हणजे चिकटून वाळणारा लेप, लागतो आणि त्याच कापडाचा तुकडा. डायनीमा कापडाला त्याच कापडाची चिकटपट्टी मिळते, जागा स्पिरिटने पुसून दोन्ही बाजूंनी लावली तर ती वर्षानुवर्षं टिकते. क्विल्टमधली पिसं दबली असतील तर पिसांसाठीच्या साबणाने धुऊन मंद आचेच्या ड्रायरमध्ये दोन-तीन तास वाळवली की बरीचशी पुन्हा फुगतात.